दारातलं झाड, गळ्यातली गिटार

गिटार बनवणाऱ्यांमध्ये लाकडाचा विषय निघाला की सगळ्यांचे आवाज आपोआप खाली येतात. महोगनीची ऊब, मेपलची धार, ॲशचा खणखणीतपणा... ऐकणाऱ्याला वाटावं, अत्तराच्या कुप्या उघडल्या जातायत. आणि ही लाकडं बहुतेक वेळा कुठूनतरी लांबून आलेली. दारातल्या झाडाचं नाव त्या यादीत नसतं. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय!

खरं तर इलेक्ट्रिक गिटारीला एवढा सोवळेपणा शोभत नाही. तिचा पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या केसासारख्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज खेळते आणि ती ॲम्प्लिफायरकडे जाते. खाली शिसव आहे की खोक्याची फळी, याची पिकअपला वार्ताही नसते. लाकूड तारेच्या कंपनातली थोडी ऊर्जा गिळतं हे खरं, त्यामुळे फरक शून्य असं मी म्हणणार नाही. पण पिकअप जरासा वर-खाली केला तरी त्याहून जास्त फरक पडतो, असं माझं मत आहे. यावर लोक रात्ररात्र भांडतात. भांडोत बापडे.

इतिहासही माझ्याच बाजूने बोलतो. 1930 च्या दशकात बाजारात आलेली रिकनबॅकर कंपनीची ‘फ्राइंग पॅन’ ही इलेक्ट्रिक गिटार चक्क ॲल्युमिनियमची होती. 1940 च्या सुमारास लेस पॉल या गिटारवादकाने पाईनच्या चार इंची चौकोनी ओंडक्यावर तारा ताणल्या आणि ते ध्यान गिटारीसारखं दिसावं म्हणून दोन्ही बाजूंना कापलेल्या गिटारीचे पंख चिकटवले. फेंडर गिटारींचा जनक लिओ फेंडर, त्याचे सुरुवातीचे प्रयोगही पाईनवरच झाले. मग ॲश आलं, 1956 च्या सुमारास आल्डर. वखारीत सहज मिळणारं, रंग नीट धरणारं लाकूड त्यांनी उचललं. आपण आज ज्याला परंपरा म्हणून नमस्कार करतो, ती त्यांची सोय होती.

त्या सोयीचे दिवसही सरत आलेत. ॲशची झाडं पोखरणारा हिरवा भुंगा आणि मिसिसिपीचे लांबलेले पूर यांमुळे फेंडरने 2020 मध्ये नेहमीच्या गिटारींमधून ॲश बरंचसं वगळलं. ब्राझिलियन रोझवुडच्या, म्हणजे तिथल्या शिसवाच्या, व्यापारावर 1992 मध्येच कडक बंधनं आली, 2017 मध्ये शिसवाच्या अख्ख्या कुळाला परवाने लागू झाले; तयार वाद्यांना सूट मिळायला 2019 उजाडलं.

मग दारातलं झाड घ्यायचं तर त्यात बघायचं काय? नाव नाही, वाळणं. वादळात पडलेल्या झाडाचा ओंडका मिळाला की आधी त्याची दोन्ही टोकं मेणाने नाहीतर रंगाने बंद करावीत. टोकांकडून पाणी भराभर उडतं आणि फळी चिरत जाते. मग फळ्या पाडायच्या, मध्ये पट्ट्या ठेवून सावलीत रचायच्या आणि वाट बघायची. इंचभर जाडीला साधारण वर्ष, हा जुना हिशोब. फळी अधूनमधून तोलत राहावी. वजन उतरायचं थांबलं की उघड्या हवेत वाळायचं तेवढं वाळलं. पुढे घरात ठेवून ओलावा 6 ते 8 टक्क्यांवर आणायचा. एवढा धीर नसलेल्या माणसाने जुनं टेबल शोधावं. क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने 1963 मध्ये वडिलांबरोबर गिटार बनवायला घेतली, तेव्हा नेक, म्हणजे गिटारीचा लांब दांडा, जुन्या शेकोटीच्या चौकटीतून काढला. त्यातली किडीची भोकं काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. फ्रेटबोर्डवरच्या, म्हणजे बोटं दाबायच्या पट्टीवरच्या, खुणा आईच्या शिंपल्याच्या बटणांच्या.

बॉडीला पॉप्लर, पाईन, लिंडेन, काहीही चालतं. ओक जड वाटलं तर आतून पोकळ करावं. खरी परीक्षा नेकची. सहा तारा मिळून साधारण 45 किलोचा ताण देतात, म्हणून लाकडाची रेषा सरळ हवी, गाठ नको. तीन-पाच पट्ट्या उलटसुलट चिकटवल्या तर पीळ मारण्याची भीती कमी होते. नेक वाकू नये म्हणून आत पोलादी सळई, म्हणजे ट्रस रॉड, असतोच. फ्रेटबोर्डला कठीण लाकूड लागतं. तिथे पेअर किंवा रोबिनिया या झाडांचं लाकूड शिसवाची उणीव भासू देत नाही.

मात्र धडधाकट झाड गिटारीसाठी आडवं करायचं आणि वर ‘स्थानिक, पर्यावरणस्नेही’ म्हणून मिरवायचं, हा ढोंगीपणा मला सहन होत नाही. पडलेलं, रस्त्याच्या आड आलं म्हणून आधीच तोडलेलं, फर्निचरमधून निघालेलं लाकूड एवढं असतं की करवतीला झाडाकडे जायची गरजच नाही.

राहता राहिला रंग. इथे माझा हट्ट आहे: बॉडीवरच्या गाठी आणि खिळ्याची भोकं गडद रंगाच्या इपॉक्सीने भरायची आणि वर नुसता तेलाचा हात फिरवायचा. चकचकीत लाल रंग फासायचा असेल, तर खुशाल प्लायवूड वापरावं.