लूपला थांबवायचं कोणी?

प्रोग्रामिंगच्या कुठल्याही क्लासला जा, लूप (तेच काम मशीनकडून पुन्हा पुन्हा करून घेणारी आज्ञा) आला की पाढे आलेच. दोनाचा पाढा छापा, सतराचा छापा, आणि मग चांदण्यांचा, म्हणजे * या खुणेचा, त्रिकोण. हा त्रिकोण म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा कुळाचार. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये तो नसेल तर सर सही करायचे नाहीत. पुढे इतकी वर्षं नोकरी झाली, पण चांदण्यांचा त्रिकोण कोणीही मागितला नाही.

पाढ्यात निदान एक गंमत आहे. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लूपला १ ते १० अशी रेंज, म्हणजे आकड्यांची हद्द, दिली की पाढा 'बे नवे अठरा'वर गप्प होतो. रेंज शेवटचा आकडा धरत नाही; 'बे दाहे वीस' हवं असेल तर ११ लिहायचं. एवढं कळलं की रस संपला. किती फेऱ्या मारायच्या ते आधीच ठरलेलं, उत्तरं तिसरीतच पाठ झालेली.

म्हणून अकरावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलेली भाची "मामा, सरावाला काहीतरी दे ना" म्हणाली, तेव्हा मी तिला कापरेकरांकडे धाडलं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणू. देवळालीला शाळामास्तर. हातात कागद-पेन्सिल, आणि डोक्यात सतत आकडे. त्यांनी १९४९ मध्ये जे शोधलं ते चौथीतल्या पोरालाही करता येतं. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, म्हणजे ३०८७. तेच पुन्हा: ८३५२. पुन्हा: ६१७४. आता कितीही करा, ६१७४च येणार. कुठलीही संख्या घ्या, फार तर सात पायऱ्यांत इथे येऊन पोचते.

इथे पाढ्याचा, ठरलेल्या फेऱ्यांचा 'फॉर' लूप चालत नाही, कारण किती फेऱ्या ते आधी ठाऊक नसतं. अट पाहून फिरणारा 'व्हाइल' लागतो: ६१७४ येत नाही तोवर फिर. आणि अंक लावून वजाबाकी करण्याचं काम एका फंक्शनला, म्हणजे नाव देऊन वेगळ्या काढलेल्या प्रोग्रामच्या तुकड्याला, द्यायचं. भाचीने त्याचं नाव चक्क देवनागरीत 'पायरी' ठेवलं. पायथन ३ ला ते चालतं. तिच्या मॅडमना चालेल का, हा वेगळा प्रश्न.

तासाभराने हाक आली, "मामा, हा वेडा झालाय." स्क्रीनवर शून्यांची रांग धावत होती. संख्या दिली होती १०००. कंट्रोल आणि सी ही बटणं एकदम दाबून प्रोग्रामला आधी गप्प केलं. ती लूपची अट पुन्हा पुन्हा वाचत बसली. नवशिके नेहमी लूपवरच संशय घेतात, कारण फिरताना तो दिसतो. मी म्हटलं, लूप राहू दे, नुसत्या पायरीला विचार. पायरीला १००० दिले: ९९९. बरोबर. ९९९ दिले: शून्य. सापडलं! आपण कागदावर ०९९९ लिहितो आणि ९९९० वजा ०९९९ करतो. मशीनला पुढचं शून्य ठेव असं कोणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे त्याने ९९९मधून ९९९ वजा केले आणि शून्यात जाऊन बसलं. फंक्शन वेगळं काढल्याचा खरा फायदा हाच. टायपिंग वाचतं हे ठीकच, पण त्याला एकट्याला बाजूला घेऊन उलटतपासणी करता येते. चार अंक होईपर्यंत डावीकडे शून्य लावायची एक ओळ वाढवली आणि १००० पाच पायऱ्यांत सुरळीत ६१७४ला पोचलं.

मग सनावळ्यांचा खेळ सुरू झाला. २०२५ला सहा पायऱ्या. कापरेकरांचं जन्मवर्ष १९०५ घातलं तर ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४: पुऱ्या सात! मास्तरांनी हे स्वतः करून पाहिलं नसेल, असं मला तरी वाटत नाही.

तिने तीन अंकी संख्या घालून पाहिल्या. सगळे अंक सारखे नसतील तर त्या ४९५वर थांबतात. मग म्हणाली, "दोन अंकी?" तिथे मात्र ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ०९. गोल गोल. थांबायला एक आकडाच नाही. अटीत लिहायचं काय? "आलेले आकडे यादीत ठेवत जाऊ," ती म्हणाली, "एखादा दुसऱ्यांदा दिसला की बस." पायथनमध्ये अशा यादीला लिस्ट म्हणतात, आणि ती त्यांच्या वर्गात अजून शिकवायची होती.