दर हजारी ६९

जुन्या सरकारी कागदपत्रांची सूची करणं हे माझं काम. बहुतेक दिवस शीर्षक, साल, पानं एवढ्यातच जातात. त्या दिवशी टेबलावर आली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची १८६३ ची पुस्तिका, आणि मी दुपारपर्यंत पुढच्या पुस्तकाला हात लावला नाही.

हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करायला १८५९ मध्ये रॉयल कमिशन बसलं. छावण्याछावण्यांना प्रश्नावल्या गेल्या, त्यांत आपली पुणे आणि खडकीही होती. आलेल्या उत्तरांवर नाइटिंगेलबाईंनी लंडनमध्ये बसून हे लिहिलं. इथे त्या कधीच आल्या नाहीत.

कमिशनचा आकडा असा: वर्षाला हजार गोऱ्या शिपायांमागे ६९ मृत्यू. बहुतेक लढाईत नव्हे, तर ताप, हगवण, पटकी म्हणजे कॉलरा आणि यकृताच्या दुखण्यांनी. मायदेशातल्या बराकीही काही बऱ्या नव्हत्या. तिथे रात्री लघवीची पिंपं झोपायच्या खोलीतच असत, आणि त्या फौजेतला मृत्युदर त्याच वयाच्या साध्या नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट होता.

पुस्तिकेत लाकडी ठशांची चित्रं आहेत. पाण्याची कातडी मसक घेतलेल्या भिस्त्यापाशी मी थांबले. अख्ख्या छावणीचा पाणीपुरवठा म्हणजे ही माणसं आणि त्यांचे बैल. गटारं बहुतेक ठिकाणी नव्हतीच. सांडपाणी बराकीच्या आसपास मुरायचं, आणि त्याच जमिनीतल्या विहिरीतून मसक भरून यायची.

बाईंचा भरवसा रोग दूषित हवेतून होतात या सिद्धांतावर होता. पटकीचा जंतू जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कोखने कलकत्त्यात दाखवला तो १८८४ मध्ये. पण घाण हलवा, पाणी स्वच्छ ठेवा, माणसं दाटीवाटीने कोंबू नका, हा त्यांचा आग्रह तंतोतंत बरोबर होता, आणि पुढच्या दशकांत गोऱ्या फौजेतले मृत्यू झपाट्याने उतरले. यासाठी मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

तरी संताप आलाच. ६९ हा आकडा फक्त गोऱ्या शिपायांचा. पाणी वाहणारा भिस्ती आणि शौचकूप उपसून मैला डोक्यावरून नेणारा मेहतर त्यात नाहीत. घाणीच्या सगळ्यात जवळ तेच होते! त्यांच्यातले किती गेले, हे कोणत्या रकान्यात शोधायचं?

सूचीत या पुस्तिकेचे विषय ‘लष्कर’ आणि ‘आरोग्य’ एवढेच होते. मी खाली आणखी तीन जोडले: भिस्ती, मेहतर, छावणीचा पाणीपुरवठा.