फॉरमॅट झालेल्या डिस्कमधून मंडळाचे गणपती परत आणले

आमच्या गिरगावातल्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचा संगणक फार रखडत चालतो, म्हणून खजिनदार काकांनी तो दुरुस्तीला दिला. दुकानातल्या मुलाने डेटा ठेवायचाय का हे न विचारताच जुने सी आणि डी दोन्ही ड्राइव्ह उडवले, एकच मोठा सी केला आणि नवी विंडोज टाकून दिली. "मशीन आता पळतंय बघा," म्हणाला. पळणारच, अंगावर ओझंच ठेवलं नव्हतं. फोटो, अहवाल, वर्गणीच्या याद्या, मुलांच्या एकांकिकांची चित्रणं, सगळं साफ. आणि अमृतमहोत्सवी स्मरणिकेचं काम तोंडावर आलेलं.

मी पोचले तेव्हा काका त्याच मशीनवर 'डेटा परत आणणारं' काहीतरी डाउनलोड करत होते. मी आधी मशीनचा प्लग काढला. काका वैतागले, "अगं, अर्धं उतरलं होतं!" उतरत होतं तेच नको होतं. घाईचा, म्हणजे 'क्विक' फॉरमॅट मारला की विंडोज फायलींची यादी नवी कोरी करते. फायलींचा मजकूर डिस्कवर तसाच पडून असतो. ती जागा आता रिकामी समजली जाते, त्यामुळे पुढे लिहिलं जाणारं काहीही नेमकं त्यावर बसू शकतं. नुसतं ब्राउझर उघडलं तरी डिस्कवर लिहिणं सुरू होतं. दुकानातल्या मुलाला घाई होती हे आमचं नशीबच म्हणायचं. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट केला तर सगळ्या डिस्कवर शून्यं लिहिली जातात, मग विषयच संपतो. दुसरं नशीब म्हणजे डिस्क जुनी, फिरणारी. एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवाली डिस्क असती तर ट्रिम नावाच्या सोयीने रिकामी झालेली जागा तिने स्वतःच पुसून टाकली असती.

लॅमिंग्टन रोडला आधी भाव काढला. डॉ. भडकमकर मार्ग हे नाव पाटीवर आहे, पण विचारताना कोणी वापरत नाही. डेटा रिकव्हरीवाल्याने पहिला प्रश्न चांगला विचारला: डिस्कमधून टक-टक आवाज येतो का? येत असेल तर आतलं हेड, म्हणजे डिस्क वाचणारा भाग, गेलेलं असू शकतं, घरी हातही लावायचा नाही, सरळ लॅबला द्यायची. आमची डिस्क गुपचूप फिरत होती. मग त्याने आकडा सांगितला आणि काकांनी पाणी मागितलं. त्या आकड्यात मखराचं निम्मं काम होतं. शेवटी तिथूनच साटा-ते-यूएसबी केबल, म्हणजे संगणकातून काढलेली डिस्क यूएसबीला जोडायची केबल, घेतली. डेस्कटॉपची डिस्क असेल तर 12 व्होल्टच्या अडॅप्टरसकट घ्या. लॅपटॉपची छोटी डिस्क यूएसबीच्या करंटवर चालते, मोठी चालत नाही. सोबत 1 टीबीची नवी डिस्क घेतली. खर्च एवढाच, कारण पुढची सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

माझ्या लॅपटॉपवर पेन ड्राइव्हवरून उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) चालू केलं आणि डीडीरेस्क्यू या डिस्कची प्रत काढणाऱ्या सॉफ्टवेअरने अख्ख्या 500 जीबी डिस्कची एका फाइलमध्ये जशीच्या तशी प्रत काढली. याच्या आज्ञेच्या ओळीत आधी मूळ डिस्क लिहायची, मग प्रत कुठे जाणार ते. हा क्रम चुकवायचा नव्हता, म्हणून ती ओळ मी मोठ्याने वाचूनच एंटर दाबला. रात्रभर चालू ठेवलं. मग मूळ डिस्क कागदात गुंडाळून मंडळाच्या कपाटात ठेवली, समया आणि ताम्हनाशेजारी. पुढचं सगळं प्रतीवर केलं.

मग उडालेले ड्राइव्ह, म्हणजे डिस्कचे विभाग, शोधणारं टेस्टडिस्क चालवलं. त्याच्या पहिल्या झटपट शोधात फक्त नवा सी दिसला. खोल शोध दिल्यावर जुना डी उगवला. एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या फायली ठेवायच्या पद्धतीत, विभागाच्या सुरुवातीच्या सेक्टरची (डिस्कवरच्या छोट्या कप्प्याची) एक प्रत त्याच विभागाच्या शेवटी असते, अशा खुणांवरून हा विभाग सापडतो. नवी विंडोज 20-25 जीबीची, ती डिस्कच्या सुरुवातीला बसलेली. जुना डी पहिल्या 100 जीबीनंतर सुरू होत होता, त्याला जवळजवळ धक्का नव्हता. 'पी' दाबलं तर फोल्डर नावांसकट समोर. काका खुर्चीवरून उठून उभेच राहिले. तिथे 'राइट' करायचा, म्हणजे सापडलेला विभाग डिस्कवर परत लिहायचा मोह होतो, तो आवरायचा. फायली निवडून फक्त दुसरीकडे कॉपी करायच्या.

पण मंडळातली अर्धी माणसं सगळं डेस्कटॉपवर ठेवतात. डेस्कटॉप म्हणजे सी, आणि सीची जुनी यादी नव्या विंडोजखाली गाडली गेली होती. तिथे फोटोरेक वापरलं. ते यादी बघतच नाही, फाइल कशी सुरू होते ते ओळखून उपसतं. फाइल तुकड्यातुकड्यांत पडलेली असली की मात्र त्याची पंचाईत होते. फक्त जेपीजी, जुन्या वर्डच्या फायली, व्हिडिओ आणि फॉन्ट एवढेच प्रकार निवडले आणि फक्त रिकाम्या जागेत शोधायला सांगितलं, नाहीतर नव्या विंडोजची चित्रंही गोळा झाली असती. फॉन्ट मुद्दाम घेतले. जुने अहवाल श्री-लिपीच्या मराठी फॉन्टमधले. तो फॉन्ट नसेल तर 'सप्रेम नमस्कार'च्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते.

बाहेर आला तो ढीग. नाव एकालाही नाही, नुसता एफ आणि आकडे. एका फोटोत वरच्या भागात आरतीला उभ्या बायकांचे चेहरे, गजरे, मागे दिव्यांची माळ, आणि खांद्याखाली सपाट करडा रंग. खालच्या भागावर विंडोज बसलेली. तशा काही फोटोंची, नाव 'टी' अक्षरापासून सुरू होणारी इवलीशी प्रत मात्र वेगळी मिळाली. कॅमेरा फोटोच्या आतच एक लघुचित्र ठेवतो, ते. छापायला उपयोग नाही, कोण होतं एवढं कळतं.

वर्षं लावायला फोटोतली कॅमेऱ्याची तारीख घेतली, तर एका गठ्ठ्यावर 5 सप्टेंबर 2012. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "हे कसं असेल गं? त्या वर्षी अधिक भाद्रपद होता." बरोबर होतं. 2012 ला गणपती बसले 19 सप्टेंबरला, म्हणजे 5 तारखेला आरती कुठली? 2011 ला मात्र 1 सप्टेंबरला चतुर्थी होती. कॅमेऱ्याचं वर्ष एकाने पुढे गेलेलं. मखर पाहून आजींनी शिक्कामोर्तब केलं. मग रोज संध्याकाळी लॅपटॉप त्यांच्या खोलीत नेऊ लागले. तारखांपेक्षा त्यांचा साड्यांवर आणि कोण तेव्हा गरोदर होतं यावर जास्त भरवसा, आणि बहुतेक वेळा जमतही होतं. फायली उपसायला लागला त्याच्या कितीतरी पट वेळ हे लावण्यात गेला.

अहवाल जवळजवळ सगळे मिळाले. वर्गणीच्या दोन याद्या गेल्या. त्याचं दुःख काकांखेरीज कोणाला नाही. व्हिडिओ मात्र निकामी, बहुतेक तुकड्यांत विखुरलेले. एकांकिका सुरू होते, पडदा वर जातो आणि चित्र गोठतं. चाळ सोडून गेलेल्यांना फोन केले, तर बदलापूरच्या एका काकूंकडे एका वर्षाची सीडी निघाली. ती चालवायला आता कोणाच्याच लॅपटॉपला ड्राइव्ह नाही. शनिवारी बाहेरून जोडायचा घेऊन येते; काका म्हणाले, "भाड्याने मिळतो का बघ."