तीनदा ‘संभाषण संपले’: मदतवाहिनीच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचा माझा अनुभव

प्रशिक्षण संपून दोन महिने झाले, पण ‘संभाषण संपले’ ही राखाडी पट्टी आठवली की अजून चिडचिड होते.

घरगुती हिंसाचार सोसणाऱ्या बायकांशी चॅटवर बोलायला बसणाऱ्या स्वयंसेवकांसाठीचं हे प्रशिक्षण. नोंदणी, व्हिडिओ, प्रश्नावल्या चार संध्याकाळी उरकल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या पुस्तिकेतल्या पाच पायऱ्या तोंडपाठ झाल्या: ऐकून घ्या, काय हवंय ते विचारा, तिच्यावर विश्वास असल्याचं कळू द्या, सुरक्षितता वाढवा, पुढच्या मदतीशी जोडून द्या. प्रश्नावलीत पैकीच्या पैकी गुण पडले. मग सराव-संवाद सुरू झाला आणि तिथे मी तीन आठवडे अडकले.

यात संगणक एका बाईची भूमिका करतो. माझ्या वाट्याला आलेल्या बाईचं पहिलं वाक्य होतं, ‘मी मैत्रिणीकडे गेले होते, हे त्याला न सांगता कळलं.’ मी विचारलं, ‘त्याला सोडायचा विचार केलाय का?’ ती गप्प. मग ती पट्टी.

पुन्हा प्रयत्न करायचा तर पाच दिवस थांबा. दुसऱ्या वेळी मी प्रेमाने, समजावून, सात ओळी लिहिल्या. तिने त्या वाचल्याही नसाव्यात, पट्टी आली. आणखी पाच दिवस. तिसऱ्या वेळी मला खात्री होती की आता जमलं. मी लिहिलं, ‘तुमच्या फोनमध्ये पाळत ठेवणारं अ‍ॅप असणार. ते लगेच काढून टाका आणि सगळे पासवर्ड बदला.’ दुसऱ्या सेकंदाला संभाषण संपलं.

काय चुकलं, हे पडद्यावर कुठेच नाही. मदत विभागाला ईमेल केला, तर ‘तुमचा संदेश मिळाला आहे’ एवढं आपोआप आलेलं उत्तर. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. अकराव्या दिवशी एका प्रशिक्षिकेचा फोन आला. मी तक्रार मांडायला सुरुवात केली, ती त्यांनी पूर्ण ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, ‘ते अ‍ॅप अचानक बंद पडलं, की त्याला काय कळेल?’

मला उत्तर देता येईना. त्याला कळेल की हिला कळलंय. आपला ताबा सुटतोय असं वाटलं की मारहाण वाढू शकते, आणि तो त्याच घरात असतो. शिवाय अ‍ॅपसोबत पुरावाही जातो. त्यांनी पुढे सांगितलं, की बऱ्याचदा असं अ‍ॅप नसतंच. दोघांचं एकच खातं असतं, तिचा पासवर्ड त्याला माहीत असतो, किंवा कधीतरी सुरू केलेलं लोकेशन शेअरिंग तसंच राहिलेलं असतं. म्हणून आधी फोनला हात लावायचाच नाही. त्याचा हात पोचला नसेल असा दुसरा फोन किंवा संगणक तिला मिळेल का, ते विचारायचं. नवं ईमेल खातं उघडायचं ते तिथूनच. जुन्या फोनमध्ये काय बदलायचं आणि कधी, हे तिने ठरवायचं.

हे दहा मिनिटांचं बोलणं होतं. यातली दोन वाक्यं त्या पट्टीखाली छापली असती तर काय बिघडलं असतं? मला नापास केलं ते योग्यच होतं, खऱ्या बाईला मी संकटात घातलं असतं. पण चूक कळल्याशिवाय माणूस पुन्हा तीच चूक करतो, आणि मध्येच कंटाळून सोडून गेलेले स्वयंसेवक किती असतील! प्रशिक्षण तयार करणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

चौथ्या वेळी पहिली ओळ लिहिली, ‘आत्ता लिहिणं सुरक्षित आहे का? हा फोन दुसरं कुणी बघतं का?’ ती म्हणाली, ‘बघतो.’ मी लिहिलं, ‘मग थोडकंच बोलू. अचानक थांबावं लागलं तर काय करायचं, ते आधी ठरवू.’ चौदा मिनिटं ती बोलत राहिली. समोर संगणक आहे हे ठाऊक असूनही माझे हात थरथरत होते. त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला.

तुम्ही हे करणार असाल तर उत्तर दोन ओळींच्या वर जाऊ देऊ नका. आयफोनमध्ये २०२२ पासून ‘सेफ्टी चेक’ आहे, त्यातून कुणाला काय दिसतंय ते तपासता येतं. पण त्यातलं ‘इमर्जन्सी रीसेट’ सगळं शेअरिंग एका झटक्यात तोडतं, म्हणजे तोच धोका. आणि व्हिडिओ कॉलवर बोलणार असाल तर न बोलता मदत मागायचा हाताचा इशारा ओळखता यायलाच हवा: तळवा समोर, अंगठा आत, त्यावर चार बोटं मिटलेली. कॅनेडियन विमेन्स फाउंडेशनने तो २०२० मध्ये आणला. दिसला तर कॅमेऱ्यासमोर मोठ्याने काही विचारू नका.

एक सांगायचं राहिलंच. मदतीच्या पानांवर ‘लगेच बाहेर पडा’ असं बटण असतं. त्याने पान पटकन बदलतं, पण ब्राउझरच्या इतिहासात आधीचं पान राहू शकतं. इन्कॉग्निटो, म्हणजे इतिहास न ठेवणारी खिडकी, उघडली तरी पाळत ठेवणारं अ‍ॅप सगळं बघू शकतं. मी हे आता दुसऱ्याच वाक्यात सांगते.