दाताची कॅप निघाली तर

भाकरीच्या घासात काहीतरी कडक लागलं आणि कॅप हातात आली, तर आधी ती सांभाळा. कागदात गुंडाळू नका, कागद केरात जातो. झाकणाची छोटी डबी बरी. गिळली गेली तर बहुतेक वेळा शौचावाटे निघून जाते. पण खोकला थांबत नसेल, दम लागत असेल, तर ती श्वासनलिकेत असू शकते. तेव्हा थेट मोठा दवाखाना गाठा.

आता कॅप उजेडात धरून आतून बघा. नुसतं पांढरट सिमेंट दिसलं तर बहुधा तीच परत बसते. आत दाताचा तुकडा अडकलाय, किंवा तपकिरी, मऊ, घाण वासाचा थर आहे, तर कॅपखालचा दात मोडलाय किंवा किडलाय. त्या कडक घासाने फक्त शेवटचा हिसका दिलेला असतो. सिमेंट बहुधा आधीच विरघळत आलेलं असतं.

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चूळ भरा. कॅप मऊ ब्रशने धुवा, पण मोरीवर नाही, वाटीवर.

फेविक्विक लावायचं नाही, थेंबभरसुद्धा नाही. त्याने हिरडी भाजते, कॅप तिरकी बसून तशीच घट्ट होते आणि डॉक्टरला ती फोडून काढावी लागते. त्याऐवजी मेडिकलमध्ये कवळी चिकटवायची क्रीम मागा. आधी कोरडीच बसवून दिशा तपासा. नीट बसली तर दात कापसाने पुसून, कॅपच्या आत पातळ थर लावून हलकेच दाबा. दात मिटल्यावर तीच आधी टेकत असेल तर जोर लावू नका, काढून ठेवा. झोपताना तर काढायचीच. ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला जोडदात) किंवा इम्प्लांटची (जबड्याच्या हाडात बसवलेल्या स्क्रूवरची) कॅप असेल तर घरी काहीच चिकटवू नका.

थंड-गरम झोंबलं तर कापसाच्या बोळ्यावर थोडं लवंगतेल, फक्त दाताला. हिरडीवर सांडलं तर जळजळतं. त्या बाजूने चावू नका. मिश्री, तंबाखू तिथे अजिबात नको.

बरेच दात वाया जातात ते ‘दुखत नाही ना, मग बघू’ म्हणण्याने. रूट कॅनाल झालेल्या दाताची नस काढलेली असते, तो दुखणार कसा? पण तो ठिसूळ असतो, कॅपशिवाय चिरतो. शिवाय शेजारचे दात रिकाम्या जागेकडे सरकतात, आणि काही आठवड्यांत तीच कॅप बसेनाशी होते. म्हणून सोयाबीनची काढणी असो की घरात लग्न, दोन-तीन दिवसांत दाखवा. गावात दाताचा डॉक्टर नसेल तर तालुक्याला जा. खाजगीचा खर्च झेपत नसेल तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. सूज, ताप किंवा पू असेल तर त्याच दिवशी.

जाताना डबी विसरू नका. बसवण्याआधी एक्स-रे काढायला सांगा. परत बसवल्यावर तासभर काही खाऊ नका, आणि चिकट पदार्थ दुसऱ्या दिवसापर्यंत टाळा.