तुम्ही विचारलंत म्हणून: क्लच दाबला तरी रिव्हर्स पडत नाही

मी इंग्लंडात राहतो आणि माझ्याकडे 1972 ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे हे कळलं की जुन्या गाडीवाले हमखास विचारतात, क्लच पूर्ण दाबूनही रिव्हर्स टाकताना कर्रर्र होतंय, प्लेट गेली का? प्लेटचं नाव इतक्यात नका घेऊ प्लीज. प्लेट झिजली की क्लच घसरतो, इंजिन ओरडतं पण गाडी उचलत नाही. गिअर अडतोय म्हणजे क्लच नीट सुटत नाहीये आणि ते दुखणं बहुतेक वेळा बाहेरचंच असतं, आणि या गाडीत प्लेट बघायची तर आख्खं इंजिन उतरवावं लागतं!

आधी गाडी स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर कधीच खाली झोपू नका), कुणालातरी पेडल दाबायला सांगा आणि खाली स्लेव्ह सिलिंडरचा पुशरॉड किती सरकतो ते मोजा. (पेडलपाशी मास्टर सिलिंडर असतो, तो पाइपातून ऑइल खाली ढकलतो, त्या दाबाने स्लेव्ह आपला दांडा, म्हणजे पुशरॉड, सरकवून क्लच सोडवतो.) साधारण अर्धा इंच, म्हणजे 12-13 मिमी यायला हवं. तेवढं येऊनही गिअर अडला तर दोष आत आहे, मग इंजिन काढा.

माझं 10 येत होतं. गॅरेजवाला इंजिन उतरवायलाच निघाला होता. मी तीनदा ऑइलच्या पाइपातली हवा काढली, काही फरक नाही, मग पेडलवरचं झाकण उघडलं तर क्लेव्हिस पिन (पेडलला मास्टरचा दांडा जोडणारी खीळ) मधोमध झिजून बारीक झालेली आणि पेडलचं भोक अंडाकृती. मास्टरचा बोअर (आतला व्यास) पाऊण इंच, स्लेव्हचा सव्वा, त्यामुळे वर 3 मिमी वाया गेले की खाली 1 मिमी जातो आणि अ‍ॅडजस्टमेंट कुठेच नाही. भोक वेल्डिंगने भरून परत पाडलं, नवी पिन घातली, 11 च्या वर गेलं. मग बायकोने पेडल दाबलं तेव्हा मी रबरी होस पाइप मुठीत धरला तर तो चक्क फुगत होता. तो बदलला आणि 13! रिव्हर्स आवाज न करता पडला, मला खरंच भरून आलं.

गळतीही बघाच, पेडलपाशी ओल म्हणजे मास्टर, स्लेव्हच्या रबरी टोपीत ओल म्हणजे स्लेव्ह. हवा हट्टी असेल तर स्लेव्हवरच्या निपलमधून (हवा काढायची तोटी) ऑइल वर ढकला, हवेला वरच जायचं असतं. आणि डॉट 4 चा, म्हणजे या क्लचच्या ऑइलचा, थेंब बॉडीवर पडला तर लगेच पाणी ओता, रंग उचलतं ते.