काकांनी गाडी सरकवली

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. खरं तर आज पाय ताणून झोपायला हवं होतं. सुंठेवाचून खोकला गेला. वरच्या मजल्यावरच्या काकांनी सही केली, पार्किंगची तक्रार मागे घेतल्याचं पत्र सेक्रेटरींच्या हातात पडलं, घर विकायचा व्यवहार आता अडायचा नाही. हा तर केव्हाच घोरायला लागलाय. आणि मी इथे दिवा लावून कुढत बसलेय, की काकांनी इतक्या सहज सही का केली.

तक्रार आमचीच होती, लेखी, कमिटीच्या फायलीत जाऊन पडलेली. घेणाऱ्यांच्या वकिलांनी विचारलं, शेजाऱ्यांशी किंवा सोसायटीशी काही वाद शिल्लक आहे का. हा 'नाही' म्हणायच्या बेतात होता, मी 'आहे' म्हणून मोकळी झाले. उद्या त्या माणसाने पार्किंगमध्ये उभं राहून आम्हाला फोन करायचा, त्यापेक्षा आताच काय ते होऊ दे. वकील म्हणाले, मिटवून टाका आणि लेखी घ्या. मिटवून टाका म्हणे! इतकी वर्षं आम्ही काय लोणचं घालत होतो का त्याचं.

वाद वीतभर जागेचा. काकांच्या गाडीचं मागचं चाक पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे, आमच्या बाजूला. वीतभर म्हणजे किती, ते पोट आत ओढून दाराच्या फटीतून शिरणाऱ्यालाच कळतं. मी तर बऱ्याचदा डावीकडून चढून गिअरच्या दांड्यावरून पलीकडे जायचे. साडी असली की विचारूच नका. खांबाला आमच्या गाडीचा लाल रंग लागलाय आणि आमच्या मडगार्डला खांबाचा पिवळा. काकांना सांगावं तर उत्तर ठरलेलं: "गाडी लांब आहे, मी काय करू?" फारच मागे लागलं तर, "मग कमिटीकडे जा." कमिटीकडे गेलो तर तिथे, "आपसात बघा ना, एका बिल्डिंगमधली माणसं तुम्ही." त्यानंतर लिफ्टमध्ये काका आणि मी, दोघंही मजल्यांचे आकडे वाचत उभे. काकूंशी बोलणं तुटलं ते वेगळंच. तो विषय आज नको.

तर आज पत्र घेऊन वर गेले. जिन्यात वाक्यं घोकत गेले होते, आवाज चढवायचा नाही, जुनं काढायचं नाही वगैरे. काकांनी पत्र लांब धरून वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही चाललात?"

"हो."

"अगं, मग आधी सांगायचंस ना! त्या नव्या माणसाला कशाला त्रास?"

दाराला कागद टेकवून सही केली. पायात चपला सरकवल्या, माझ्यासोबत खाली आले, गाडी काढली, एकदा मागे, एकदा पुढे, आणि लावली. बरोबर पट्ट्यांच्या मधोमध. उतरून स्वतःच कौतुकाने बघत म्हणाले, "बसते की गं!"

बसते की. मला त्या क्षणी हसावं की ओरडावं कळेना. मी "थँक्यू काका" म्हणून वर आले.

नव्या माणसाला कशाला त्रास. तेव्हापासून हे एकच वाक्य डोक्यात फिरतंय. ज्याचं तोंडही पाहिलं नाही त्याची यांना काळजी. आम्ही जुनी माणसं, आम्हाला त्रास दिला तर चालतो. मध्यरात्री काकांच्या छातीत दुखलं तेव्हा खाली गाडी कुणाची निघाली होती? ती, खांबाला घासलेली, आमचीच. हे काही उपकार म्हणून मोजत नाहीये. पण माणूस मनात कुठे तरी मोजतोच ना. बरं, काका काही दुष्ट नाहीत. दुष्ट असते तर मला हे सोपं गेलं असतं. आज त्यांनी केलं ते दोन मिनिटांचं काम होतं आणि त्यांना ते येत होतं. मग आमच्यासाठी का नाही? आम्ही मागितलं म्हणून नाही, आणि आता कुणी मागत नाही म्हणून दिलं, असं असेल का? की आम्ही जाणार हे कळल्यावर हरण्यासारखं काही उरलंच नाही?

ताईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, काम झालं ना, झालं तर मग. ताईचं सगळं झालं तर मग असतं.

संध्याकाळी वकिलांकडून कराराचा मसुदा आला तेव्हा मात्र मला खरंच हसू फुटलं. 'स्टिल्ट पार्किंगसह', म्हणजे बिल्डिंगखालच्या खांबांमधल्या पार्किंगसह, हे आमचे लाडके शब्द त्यांनी खोडले होते. फोन करून विचारलं, तर म्हणाले, मॅडम, ती जागा तुमची नाही, तुम्ही विकणार कशी? मोफा, म्हणजे बिल्डरांच्या फ्लॅटविक्रीवरचा महाराष्ट्राचा कायदा, त्याखालच्या मुंबईतल्याच एका खटल्यात 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलंय, स्टिल्टमधली जागा म्हणजे गॅरेज नव्हे, ती सगळ्यांची सामाईक, बिल्डरलाही ती वेगळी विकता येत नाही. सोसायटीने वाटून दिलेली जागा सभासदाला विकता किंवा कुणाच्या नावे करता येत नाही, हे तर आदर्श उपविधींमध्येच, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांतच, लिहिलंय. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकाव्यात, असंही त्यातच आहे. आमच्याकडे चिठ्ठ्या टाकायचा विषय काढला असता तर वार्षिक सभेत खुर्च्या उडाल्या असत्या. उपविधींप्रमाणे फ्लॅट नावावर करायला सोसायटीची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्रही, लागत नाही म्हणे. पण घेणाऱ्याच्या बँकेला ती हवीच असते, म्हणून हे पत्राचं लटांबर.

म्हणजे आम्ही दोघंही, काका आणि मी, जे आपलं नव्हतंच त्यासाठी एकमेकांचं तोंड चुकवत होतो. मी पट्टा मोजायला घरातून टेप नेली होती एकदा. काकांनी वरून बाल्कनीतून बघितलं होतं आणि मुद्दाम खाकरले होते. आता ते आठवून माझं मलाच हसू येतंय, बाजूला हा झोपलाय म्हणून तोंड दाबून. हा जागा असता तर म्हणाला असता, मी आधीच सांगत होतो. सांगत बिंगत काही नव्हता.

काकांना हे पार्किंगचं सांगावं का? नको. सामाईक आहे म्हटल्यावर गाडी परत वीतभर इकडे यायची.

जाता जाता घेणाऱ्यांचा मेसेज येऊन पडलाय. त्यांच्याकडे दोन गाड्या आहेत, दुसरी कुठे लावता येईल, काही सोय होईल का, असं विचारतायत. एक मोठी आहे म्हणे, काकांच्याहून मोठी. मी उत्तर लिहिलंय, सकाळी पाठवते: सेक्रेटरींना रीतसर अर्ज करा, आणि शेजारच्या गाडीचे काका वरच्याच मजल्यावर राहतात, त्यांनाही एकदा भेटून घ्या. नव्या माणसांची त्यांना फार काळजी असते.